एका जागी न बसणारे लेकरू

गंगाखेड तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत मी अकरा वर्षे पहिलीचा वर्ग सांभाळला. त्या वर्षांत मी पुष्कळ लेकरांना लिहायला शिकवले आणि पुष्कळांना मारलेही. मारलेल्यांपैकी एक पोरगा सेवानिवृत्तीनंतरही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्याचे नाव मी लिहीत नाही. तो आता बाप्या माणूस आहे. दिवाळी झाली की कोयता घेऊन टोळीबरोबर ऊसतोडीला जातो. रस्त्यात भेटला तर आजही वाकून 'जयभीम गुरुजी' म्हणतो, आणि तो वाकला की माझी मान खाली जाते.

तो आमच्याच बौद्धवाड्यातला. पहिलीत आला तेव्हा एका जागी बूड टेकत नसे. 'अ' गिरवायला बसवले तर अर्धा 'अ' झाला की पाटी टाकून खिडकीशी जायचा. माझा प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर ओरडायचा आणि ते उत्तर पुष्कळदा बरोबर असायचे. रांगेत उभे राहणे त्याला जमत नसे. पेन्सिल रोज हरवायची, टोपी रोज हरवायची. एकदा तर तो एका पायात चप्पल घालून घरी गेला. मी आधी त्याला समजावले, मग ओणवे केले, मग छडी काढली आणि शेवटी वर्गाच्या मागच्या भिंतीला एकटे बसवले. दोन वर्षे ती त्याची जागा होती. चौथीनंतर तो शाळेत आला नाही.

त्या काळात एक सवर्ण सहकारी चहा पिता पिता मला हसून म्हणाला होता, "गुरुजी, राग मानू नका, पण तुमच्यातल्या पोरांच्या रक्तातच अभ्यास नाही." मी महिनाभर त्याच्याशी बोललो नाही. आणि त्याच महिन्यात मी त्या पोराच्या आईला शाळेच्या दारात सांगितले, "तुझं पोरगं वांड आहे, त्याला काही येणार नाही." सहकाऱ्याच्या वाक्यात जात होती, माझ्या वाक्यात नव्हती. पण पोराच्या पदरात दोन्ही वाक्यांनी एकच गोष्ट पडली.

हे सारे मला उमगले ते पुण्यात. माझा नातू साडेपाच वर्षांचा असताना बालवाडीच्या बाईंनी माझ्या मुलाला बोलावून घेतले आणि लेकराला एकदा डॉक्टरांना दाखवा असे सुचवले. मीही बरोबर गेलो. डॉक्टरांनी तासभर प्रश्न विचारले. सांगितलेले काम अर्धे सोडतो का? वस्तू हरवतो का? आपली पाळी येईपर्यंत थांबता येते का? दुसऱ्याचे बोलणे तोडतो का? सून नातवाविषयी उत्तरे देत होती. मी मनातल्या मनात दुसऱ्याच एका लेकराविषयी उत्तरे देत होतो, आणि माझे प्रत्येक उत्तर 'होय' होते. डॉक्टरांनी घाईने नाव दिले नाही. सहा महिने घरातले आणि शाळेतले वागणे पाहिले, कान-डोळे तपासून घेतले आणि मग सांगितले : एडीएचडी. अवधान कमी पडणे आणि चंचलता फार असणे, असा हा विकार.

नातवाचे आईबाप नोकरदार, आजोबा शिक्षक, गाव पुणे. त्याला डॉक्टर मिळाले. वस्तीतल्या त्या पोराला मी मिळालो. आपल्या समाजातही आता दोन समाज झाले आहेत ते असे. शिकून पुढे गेलेल्यांनी आपल्याला कळलेले मागे राहिलेल्यांपर्यंत पोचवले नाही, तर त्या शिक्षणाचा उपयोग काय, हा प्रश्न बाबासाहेबांनंतर आपल्याला पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे. हा लेख त्या देण्यातला एक छोटा हप्ता समजावा.

आधी हा विकार म्हणजे काय ते पाहू. त्याची लक्षणे दोन गटांत पडतात. पहिला गट अवधानाचा : लक्ष टिकत नाही, चुका निष्काळजीपणाच्या होतात, सांगितलेले अर्ध्यावर सुटते, वस्तू हरवतात, रोजच्या गोष्टी विसरतात. दुसरा गट चंचलतेचा आणि उतावळेपणाचा : हातपाय सतत हलतात, बसायच्या वेळी लेकरू उठते, अखंड बोलते, पाळीची वाट पाहत नाही, विचार येण्याआधी हात पुढे जातो. काही लेकरांत पहिला गट ठळक असतो, काहींत दुसरा, काहींत दोन्ही. प्रत्येक गटात नऊ लक्षणे धरली आहेत. लहान मुलांत एका गटातील निदान सहा लक्षणे सहा महिन्यांहून अधिक काळ आणि वयाला न शोभण्याइतकी दिसावी लागतात. ती बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावीत, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावीत आणि त्यांच्यामुळे लेकराचे शिकणे, वागणे, मैत्री यांत खरोखर अडथळा येत असावा. केवळ शाळेतच वांड आणि घरी गुणी असेल तर आधी शाळेत काय चालले आहे ते पाहावे. आणि तीन वर्षांचे लेकरू घरभर धावते म्हणून कुणी घाबरू नये. त्या वयाचे ते कामच आहे. चार वर्षांच्या आत जाणते डॉक्टरही सहसा हे निदान करत नाहीत.

ज्यांचा पहिलाच गट ठळक आहे ती लेकरे गडबड करत नाहीत. ती खिडकीबाहेर पाहत बसतात. त्यांत मुली बऱ्याच असतात. मुलग्यांत हा विकार मुलींच्या सुमारे दुप्पट आढळतो असे म्हणतात, पण मुली गप्प असल्यामुळे नजरेतून सुटतात हेही तितकेच खरे. अशा मुलीला आपण 'ढ' म्हणतो, तिला धुण्याभांड्याला लावतो आणि लग्न उरकून मोकळे होतो.

जगभरातल्या अभ्यासांचा मेळ घातला तर दर शंभर मुलांमागे सुमारे पाच मुलांना हा विकार असतो असे दिसते. मी अकरा वर्षांत पहिलीची चारशेच्या आसपास लेकरे पाहिली. म्हणजे हिशेबाने वीस. त्या वीसांपैकी एकालाही मी ओळखले नाही.

आता एक शंका हमखास निघते. हेच लेकरू तासभर गोट्या खेळते, मोबाइलवर डोळे लावून बसते, मग त्याला लक्ष देता येत नाही हे कसे? बैलगाडीवरून सांगतो. या लेकराचा बैल दुबळा नसतो, चांगला तरणाबांड असतो. सैल असतो तो कासरा. आवडीच्या, झटपट फळ देणाऱ्या गोष्टीकडे बैल आपणहून धावतो, तिथे कासऱ्याचे कामच पडत नाही. कंटाळवाण्या वाटेवर गाडी नेताना कासरा ओढावा लागतो आणि तिथे या लेकराचा हात कमी पडतो. मेंदूत हा कासरा मुख्यतः कपाळामागच्या भागाकडे असतो. थांबणे, ठरवणे, लक्षात ठेवणे ही त्याची कामे. डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन या रसायनांमार्फत तो बाकीच्या मेंदूशी बोलतो, आणि या देवघेवीत कमतरता असते. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांच्या मेंदूची छायाचित्रे वर्षानुवर्षे घेऊन पाहिली. मेंदूचा बाह्य पापुद्रा सर्वाधिक जाड होण्याचा टप्पा इतर मुलांत सरासरी साडेसातव्या वर्षी आला, तर या मुलांत साडेदहाव्या वर्षी. क्रम तोच, वाट तीच, पण पोचायला सुमारे तीन वर्षांचा उशीर. म्हणजे सात वर्षांच्या लेकराकडून मी सात वर्षांचा कासरा मागत होतो. त्याच्या हाती तो चार वर्षांचा होता.

या विकाराचा इतिहास आपण आपल्या बाजूने वाचला पाहिजे. मार्च १९०२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने व्याख्याने दिली. बुद्धी शाबूत असूनही स्वतःला आवर घालू न शकणाऱ्या मुलांचे त्याने वर्णन केले आणि त्याला 'नैतिक नियंत्रणातील दोष' म्हटले. नाव नीतीचे दिले, तरी त्याचे मूळ शरीरात असावे असा त्याचा कयास होता. म्हणजे लंडनमधल्या अनावर पोराचा विचार वैद्यकाने सुरू केला. त्याच साम्राज्याने आपल्या देशात १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. त्याने सबंध जमातीच जन्माने गुन्हेगार ठरवल्या. तिथल्या पोराच्या अनावरपणाची नोंद डॉक्टरच्या वहीत झाली, इथल्या पारध्याच्या पोराची नोंद जन्मताच पोलिसाच्या वहीत. तो कायदा १९५२ साली गेला. वही मात्र अनेकांच्या डोक्यात अजून उघडी आहे.

पुढे १९३७ साली अमेरिकेतील चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरने बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिल्यावर काही मुले शांत होतात आणि अभ्यासात रमतात असे नोंदवले. त्याच वर्षी मुंबईत टाटा संस्थेच्या समाजकार्य विद्यालयाने बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. अमेरिकेतील मानसोपचार संघटनेच्या सूचीत १९६८ साली हा विकार 'अतिचंचल प्रतिक्रिया' म्हणून आला. १९८० साली अवधानाची कमतरता हे त्याचे मुख्य अंग मानले गेले आणि १९८७ साली आजचे नाव रूढ झाले. नीतीचा दोष ते मेंदूची जडणघडण असा हा प्रवास आहे. आपल्या शाळा मात्र बहुतांशी १९०२ सालातच आहेत. आम्ही अजून 'वळण नाही' असेच म्हणतो.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. हा विकार बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे. जुळ्या मुलांच्या अभ्यासांवरून माणसामाणसांतील या बाबतीतल्या फरकाचा सुमारे सत्तर ते ऐंशी टक्के भाग जनुकांकडे जातो असे मानले जाते. 'आनुवंशिक' हा शब्द ऐकला की आपल्या माणसाच्या अंगावर काटा येतो, आणि तो यायलाच हवा. जन्मावरून लायकी ठरवणाऱ्यांनी दोन हजार वर्षे आपल्याला हाच शब्द वेगवेगळ्या वेषांत ऐकवला. जातिव्यवस्थेला वंशशुद्धीचा आणि सुप्रजननाचा आधार आहे हा दावा बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये तर्काने खोडून काढला. मग आपण ही आनुवंशिकता मान्य करावी काय?

करावी, कारण ती त्या दाव्याच्या नेमकी उलट बाजूला उभी आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात या विकाराशी निगडित २७ जागा सापडल्या. एकेका जागेचा परिणाम अगदी थोडा. असे कितीतरी थोडे थोडे मिळून कल तयार होतो, जसा उंचीचा होतो. आणि ज्यांची जनुके तपासली ते लोक प्रामुख्याने युरोपीय वंशाचे. ज्यांच्या देशात जात नाही, ज्यांच्या घरी आपल्या वाड्यातले कुणी कधी जेवले नाही, त्यांच्या लेकरांत हाच विकार आहे. तो ब्राह्मणाच्या घरी आहे, मराठ्याच्या घरी आहे, वंजाऱ्याच्या घरी आहे, आपल्या घरी आहे. बापाकडून पोराकडे येणे ही एका घराची गोष्ट झाली. जात हा लाखो घरांवर बाहेरून मारलेला शिक्का आहे. या दोहोंची गल्लत करणारा माणूस विज्ञान बोलत नसतो, मनू बोलत असतो.

तरीही सगळे जनुकांवर टाकून मोकळे होता येत नाही. दिवसांआधी जन्मलेल्या आणि जन्मतः वजन कमी असलेल्या मुलांत या विकाराचे प्रमाण जास्त आढळते. शरीरात शिसे गेले तर त्याचाही संबंध दिसतो. पोटात सातवा महिना असताना मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारी बाई कोणत्या समाजाची असते, हे परभणी-बीडच्या माणसाला सांगायला नको. विकार जात पाहत नाही. पण त्याच्या वाटेतले काही दरवाजे आपल्या घरांकडे जास्त उघडे ठेवलेले आहेत. मात्र आईने लाड केले म्हणून, मारले नाही म्हणून किंवा साखर दिली म्हणून हा विकार होत नाही. ज्या आईला मी शाळेच्या दारात बोललो, तिचा यात काहीही दोष नव्हता.

इथवर वाचून कुणी प्रत्येक चळवळ्या लेकराला हे नाव देऊ लागेल, तर तो दुसरा अन्याय होईल. जातीचा शिक्का काढून रोगाचा मारायचा, यात लेकराला काय मिळाले? म्हणून या विकारासारखे दिसणारे, पण वेगळे असलेले काय काय असते ते माहीत हवे.

पहिली भूक आणि रक्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी सुमारे ६९ टक्के मुलांत रक्ताची कमतरता होती. लोह कमी पडले की लक्ष लागत नाही, चिडचिड होते. सकाळी नुसत्या चहावर शाळेत आलेले लेकरू खिचडीच्या वासाकडे पाहत असेल, तर त्याला अवधान आहे. ते फक्त फळ्यावर नाही.

दुसरे कान आणि डोळे. माझ्या वर्गात एक मुलगी हाक मारली तरी बघत नसे. मी तिला हट्टी समजत होतो. आरोग्य तपासणीच्या पथकाने तिचा कान पाहिला, तर तो दोन वर्षांपासून वाहत होता. औषधपाणी झाले, पुढच्या बाकावर बसवले आणि वर्षभरात ती वाचू लागली.

तिसरी झोप आणि वणवण. तोडीच्या फडावर पहाटे तीन-चारला कोपी जागी होते. आईबाप उठले की लेकरूही उठते. ऑक्टोबर-नोव्हेंबरला गाव सोडून मार्च-एप्रिलला परतणारे लेकरू वर्गात बसल्यावर त्याला मधले सहा महिने सापडत नाहीत. ते सैरभैर होणारच. चौथे, घरातली दारू, मारहाण, एखादे मरण. भ्यालेले लेकरूही सतत इकडेतिकडे पाहते. पाचवी, फिट येण्याची एक सौम्य तऱ्हा. काही क्षण लेकरू टक लावून बघत राहते आणि मग पुन्हा भानावर येते. वर्गात ते स्वप्नाळू वाटते, पण त्याचा उपचार अगदी वेगळा आहे.

आणि सहावे, खुद्द वय. आपल्या पिढ्यांतल्या किती जणांचा वाढदिवस १ जूनला येतो ते पाहा. आईला तारीख सांगता येत नव्हती, गुरुजींनी दाखल करताना सोयीची लिहिली. आता दवाखान्यातली बाळंतपणे वाढल्यामुळे हे कमी झाले आहे, पण पाच वर्षांचे लेकरू सहाचे म्हणून बसवलेले मी पाहिले आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१२ साली आणि तैवानमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत वर्गातल्या वयाने सर्वांत लहान मुलांना एडीएचडीचे नाव अधिक वेळा दिले गेल्याचे दिसले. त्यांच्याकडे जन्मनोंद काटेकोर असून ही गत. आपल्याकडे तर खरे वय आधी शोधावे लागेल.

ही सारी कारणे तपासून, दूर करून, तरीही लक्षणे उरली तर मग या विकाराचा विचार करायचा. कधी दोन्ही एकत्र असतात. भुकेल्या लेकरालाही एडीएचडी असू शकतो. गरिबी आहे म्हणून विकार नाकारणे हीसुद्धा गरिबाला डॉक्टरपासून दूर ठेवण्याचीच रीत झाली.

उपाय काय? सहा वर्षांच्या आतील लेकराला आधी गोळी देत नाहीत. आधी आईबापांना आणि शिक्षकांना वागण्याची पद्धत शिकवतात. ती पद्धत साधी आहे, पण रोज पाळावी लागते. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. 'हातपाय धू, दप्तर काढ आणि जेवायला बस' असे तिन्ही एकदम सांगितले, तर पहिलेही होत नाही. सांगताना जवळ जायचे, डोळ्यांत पाहायचे, मग बोलायचे. केलेल्या चांगल्या गोष्टीची शाबासकी तिथल्या तिथे द्यायची. संध्याकाळपर्यंत ठेवलेली शाबासकी या लेकराला पोचत नाही. बारीकसारीक चाळ्यांकडे काणाडोळा करायचा. उठणे, जेवणे, झोपणे यांच्या वेळा शक्य तितक्या ठरावीक ठेवायच्या. वर्गात काम लहान तुकड्यांत द्यायचे. मधूनमधून उठण्याचे निमित्त द्यायचे : खडू आण, वह्या वाट, फळा पूस. ज्याला हलल्याशिवाय राहवत नाही त्याला हलण्याचे काम दिले, की हलणे गुन्हा राहत नाही. आणि मुख्य म्हणजे त्याला पुढे, शिक्षकाच्या हाताशी, खिडकी-दारापासून दूर बसवायचे.

सहा वर्षांपुढे, त्रास फार असेल तर, डॉक्टर औषध सुचवतात. मेथिलफेनिडेट हे त्यातले प्रमुख, दुसरे ॲटोमॉक्सेटिन. मेथिलफेनिडेट उत्तेजक आहे, पण ते कासरा धरणाऱ्या भागाला जागे करते, म्हणून लेकरू शांत दिसते. त्याने भूक कमी होते, झोप उडू शकते. म्हणून वजन, उंची, रक्तदाब यांवर लक्ष ठेवावे लागते. आधीच हाडे दिसणाऱ्या लेकराच्या बाबतीत ही गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगितली पाहिजे. हे औषध कडक नियमांखाली येते, चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि प्रत्येक दुकानात नसते. दुसऱ्याच्या लेकराची गोळी आपल्या लेकराला कधीही देऊ नये.

आमच्याकडे अजून एक उपाय चालतो, तोही सांगितला पाहिजे. लिंबू उतरवतात, ताईत बांधतात, अंगारा लावतात, बाहेरचे आहे म्हणून लेकराला घेऊन दर्ग्यावर आणि देवऋषाकडे जातात. ज्या घरात बुद्धाची तसबीर आहे त्या घरातही हे गुपचूप होते. १९५६ साली नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा भिंतीवर राहतात आणि लेकराच्या गळ्यात ताईत राहतो. मी त्या आयांना हसत नाही. डॉक्टर तालुक्याला मिळत नसेल तर माणूस जवळ असेल त्याच्याकडे जातो. पण त्यात वर्षे जातात, आणि ती लेकराची असतात.

सरकारदरबारी काय आहे? २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी ठरवलेली आहे. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचे असते. ज्या ३० दोष-आजारांसाठी ही तपासणी आहे त्यांच्या यादीत एडीएचडीचे नाव आहे. पथक आले की नुसते वजन-उंची लिहून घेऊ नये. 'हे लेकरू एका जागी बसत नाही, याचे कान, डोळे, रक्त आणि वागणे बघा' असे शिक्षकाने किंवा अंगणवाडीताईने स्पष्ट सांगावे आणि पुढच्या तपासणीची चिठ्ठी मागून घ्यावी. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. मानसिक आरोग्याविषयी विचारायला 'टेली मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक २०२२ पासून आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मारणे आणि मानसिक छळ करणे यांवर बंदी घातली आहे. माझी छडी त्याआधीची होती, पण ही सबब मी स्वतःलाही सांगत नाही.

एक उणीव नोंदवतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, पण एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. या लेकरांपैकी बऱ्याच जणांना वाचन-लेखनाची विशिष्ट अडचणही असते. म्हणून तपासणी दोन्हींची मागावी. ती अडचण निघाली तर तिच्या सवलतींचा हक्क मिळतो. एडीएचडीचे नाव यादीत यावे ही मागणी मात्र शहरातल्या पालकांनी एकट्याने करायची नाही. ती आपल्या संघटनांच्या ठरावांतही आली पाहिजे.

शेवटी बसण्याच्या जागेविषयी. सातारच्या शाळेत लहानग्या भीमरावाला वर्गात कोपऱ्यात, घरून आणलेल्या तरटाच्या तुकड्यावर वेगळे बसावे लागले, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ती कथा मी दर १४ एप्रिलला मुलांना सांगत आलो. सांगताना माझा आवाज भरून यायचा. आणि त्याच वर्गात मागच्या भिंतीला एक पोरगा मी एकटा बसवलेला असायचा. त्याला पुढे बसवणे हा त्याचा पहिला उपचार होता, त्याला पैसा लागत नव्हता, डॉक्टर लागत नव्हता. तो उपचार माझ्या हातात होता आणि मी त्याची शिक्षा केली.

गेल्या जूनमध्ये तो घरी आला. बरोबर सहा वर्षांचे लेकरू. दारातून आत येईपर्यंत लेकराने माझी काठी उचलली, रेडिओ सुरू केला आणि पाण्याचा तांब्या लवंडला. बाप खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, ह्ये बी माझ्यावानीच हाय. माझ्यावानीच होईल का ह्याचं?"

मी त्याला या लेखात लिहिले ते सारे सांगितले, त्याच्या भाषेत. आणि आधी माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या गुरुजी, तुम्हाला तरी कुठं ठावं होतं." मग आम्ही तिघे शाळेत गेलो. तिथल्या बाई तरुण आहेत, त्यांनी ऐकून घेतले. पथकाची तपासणी झाली, परभणीची चिठ्ठी मिळाली, रक्त कमी निघाले त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. पुढचे निदान व्हायचे आहे. यंदा दिवाळीनंतर बाप टोळीबरोबर गेला. लेकराला नेले नाही, आजीपाशी ठेवले. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे, त्यामुळे आईला थांबता आले नाही. आजीला डोळ्यांनी कमी दिसते. म्हणून संध्याकाळी तासभर ते माझ्याकडे येते.

काल त्याने पूर्ण 'अ' काढला. मध्ये दोनदा उठून गेले, पण परत आले. शाळेत त्याची जागा पहिल्या रांगेत, बाईंच्या टेबलाशेजारी आहे.